गोठलेली बॅच

बॅच हातची गेली ती दुपारच्या जेवणानंतर. थोरला रिॲक्टरच्या फलाटावर लोखंडी स्टुलावर बसला होता. पाठीशी गरम तेलाचे पाइप, समोर तापमानाचा काटा आणि पायाखाली माल ढवळणाऱ्या ॲजिटेटरची एकसुरी घरघर. सँपल काढायला अजून थोडा अवकाश होता. तोवर जरा डोळे मिटावेत, एवढंच त्याच्या मनात आलं. ते मिटले, आणि घरघर बदलली तेव्हाच उघडले.

आवाज जड झाला होता. मोटर कण्हत होती. तो धडपडत उठला आणि काचेच्या खिडकीतून आत बघितलं. मधासारखं संथ फिरणारं रेझिन आता फिरत नव्हतं. ॲजिटेटरच्या दांड्याला धरून ते वर चढत होतं. त्याने तेल बंद केलं, थंड पाणी सोडलं, धावत खाली जाऊन बुडाचा व्हॉल्व्ह उघडला. त्याच्या तोंडातून मनगटाएवढा जाड लगदा बाहेर आला, थोडा लोंबला आणि तिथेच थांबला. वर मोटरने मान टाकली.

थोरल्याने हातमोजे काढले आणि पायरीवर बसला. पळापळ करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

कारखाना रंगाचा होता. रंगाला जे अंग लागतं, भिंतीला धरून ठेवणारं, ते रेझिन थोरला रिॲक्टरच्या मोठ्या भांड्यात शिजवायचा. त्याला हे काम शिकवलं एका म्हाताऱ्या ऑपरेटरने, जो कधीच निवृत्त होऊन गेला होता. म्हातारा सांगायचा, "हे बघ, आपण दोन जातीचे बारके रेणू आत टाकतो. एक आम्लाचा, एक अल्कोहोलाचा. दोघांनाही हात असतात. तापवलं की हाताला हात लागतो आणि जोडी जमते. जोडी जमली की मधून पाण्याचा एक कण सुटतो. ते पाणी वाफ होऊन वर जातं, गार होऊन त्या भांड्यात पडतं. भांड्यात किती पाणी साठलं ते बघ, म्हणजे आत किती जोड्या जमल्या ते कळेल."

"आणि मग?"

"मग जोडीला जोडी लागते, त्याची साखळी होते. साखळ्या लांबल्या की माल घट्ट होतो, तार धरतो. इथवर आपलं काम. पण काही रेणूंना तिसरा हात असतो, तो गप्प बसत नाही. तो शेजारच्या साखळीला धरतो. आपण जोड्या लावायच्या, पण अख्खं गाव एकमेकांचं सोयरं व्हायच्या आत थांबायचं. नाहीतर कुणी कुणाला सोडत नाही."

इतक्या वर्षांत थोरला नेहमी वेळेत थांबला होता. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, फुंकर मारून गार करायचा, बोटाने उचलून तार बघायची. मग प्रयोगशाळेत पाठवायचं, आकडा आला की माल खाली सोडायचा. हातात घड्याळ असल्यासारखा त्याला अंदाज होता.

केमिस्ट मॅडम वर आली. ती थोरल्याच्या मुलीच्या वयाची होती आणि त्याला काका म्हणायची. तिने खिडकीतून आत टॉर्च मारला आणि झोत दांड्यावरून खालपर्यंत फिरवला.

"गेलं ना?" थोरल्याने विचारलं.

"गेलं काका. आता आत माल असा नाहीच. हिशोबाने बघितलं तर रिॲक्टरभर मिळून एकच रेणू आहे. सगळा एकमेकांत गुंतलाय."

"एकच आहे तर उचलून बाहेर टाकू," थोरला म्हणाला. दोघांनाही हसू आलं नाही.

साहेबांनी आधी मोटर बघितली, मग थोरल्याला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांच्या टेबलावर थंड झालेला चहा तसाच होता.

"तुमच्याकडून असं व्हायला नको होतं. सँपल का नाही काढलं?"

"उशीर झाला साहेब."

"का झाला ते विचारतोय."

थोरल्याने खिडकीबाहेर बघितलं. "झाला खरा," एवढंच म्हणाला.

ते का, हे सांगायचं तर घरापासून सुरुवात करावी लागली असती. घरी आई होती. आई दिवसा गपगार बसायची, अंधार पडला की जागी व्हायची. चप्पल घालायची, पदर खोचायची आणि दाराची कडी काढायला लागायची. "मला माझ्या घरी जायचंय," म्हणायची. हेच घर, असं सांगितलं की थोरल्याकडे बघून विचारायची, "तुम्ही कोण?" थोरला आणि त्याची बायको पाळी लावून जागायचे. पण आईचा आवाज चढला की पाळी कुणाचीही असो, झोप दोघांचीही जायची. सकाळी दोघं एकमेकांसमोर चहा प्यायचे तेव्हा बोलण्याचं त्राण कुणातच नसायचं. थोरल्याच्या बायकोने हल्ली भांडणंही सोडून दिलं होतं, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटायची.

थोरल्याला एक धाकटा भाऊ होता. तो दूर कुठे नव्हता. याच कारखान्यात, देखभाल विभागात फिटर होता. सकाळी दोघं एकाच फाटकातून आत यायचे आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या वाटेने जायचे. रिॲक्टरचं काही काम निघालं तर थोरला तिसऱ्याच माणसाकरवी निरोप पाठवायचा, आणि धाकटा थोरल्याची पाळी नसताना येऊन ते करून जायचा. लोकांनाही आता याची सवय झाली होती.

आई आधी धाकट्याकडे असायची. तिचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. एका सकाळी धाकट्याची बायको अंघोळीला गेली आणि आई दार उघडून निघून गेली. दिवसभर शोधाशोध झाली. संध्याकाळी ती एका बेकरीत सापडली, बेकरीवाल्याने तिला बसवून ठेवलं होतं, पाव खात होती. काही झालं नव्हतं. पण थोरला तिथे पोचला तो तापूनच, आणि जमलेल्या शेजाऱ्यांसमोर धाकट्याच्या बायकोला म्हणाला, "माणूस सांभाळणं तुमच्या घरात कुणाला जमायचं नाही. जनावर तरी लोक बांधून ठेवतात." त्याच दिवशी त्याने आईला आपल्याकडे आणलं. धाकट्याने अडवलं नाही आणि त्यानंतर थोरल्याच्या घरात पाऊलही टाकलं नाही.

रिॲक्टर मोकळा करायला आधी कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून उकळलं. केमिस्ट मॅडमने सांगितलं होतं की कॉस्टिकने जोड सुटतात, मोठ्या रेणूचे पुन्हा बारके होतात, पण असा दगड झालेल्या मालाच्या आत ते सहजासहजी शिरत नाही. तसंच झालं. पुन्हा पुन्हा उकळून बराचसा लगदा वाहून गेला. तरी भिंतीला आणि ॲजिटेटरच्या पात्यांना धरून पिवळट, रबरासारखे चिवट थर राहिलेच. ते छिन्नीनेच काढायचे होते. त्यासाठी कुणीतरी आत उतरायला हवं होतं.

"माझी बॅच आहे, मीच उतरतो," थोरला म्हणाला.

आत उतरायचं म्हणजे वर मॅनहोलपाशी एक माणूस लागतो. आतल्याच्या पट्ट्याला बांधलेली दोरी त्याच्या हातात. त्याने जागचं हलायचं नाही आणि सारखी हाक मारत राहायची. आतल्याने दर हाकेला ओ द्यायची. त्या दिवशी या कामाचं शिक्षण झालेला एकच फिटर पाळीवर होता. धाकटा.

"हाक मारायलाच पाहिजे?" धाकट्याने सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं.

"मग दोरी कशाला धरतोस, पतंग उडवायला?" अधिकारी म्हणाला.

आतली हवा तपासली, ब्लोअरची नळी सोडली, दिवा सोडला. थोरला धुळीचा मास्क लावून शिडीने आत उतरला. धाकटा मॅनहोलच्या कडेला मांडी घालून बसला. थोड्या वेळाने त्याने तोंड आत वळवलं.

"आहेस का?"

"आहे."

बेकरीतल्या त्या दिवसानंतर दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं.

छिन्नीवर पितळी हातोडा पडत होता. भिंतीवरून चामड्यासारखे तुकडे सुटत होते. थोरला ते बादलीत भरायचा, धाकटा बादली वर ओढायचा, रिकामी करून पुन्हा सोडायचा.

"आहेस का?"

"आहे."

असं बऱ्याचदा झालं. मग धाकट्याला ते दोनच शब्द पुरेनात.

"आहेस का? पाणी देऊ?"

"आहे. नको."

"आहेस का? उजवीकडचं पातं राहिलंय बघ."

"दिसतंय मला."

पुढची बादली वर आली तेव्हा धाकट्याने ती रिकामी केली, परत सोडली, आणि दोरी हातात धरून विचारलं, "आई कशी आहे?"

हातोडा थांबला. "आहे."

"खाते-पिते का?"

"भरवलं तर खाते."

"मला विचारते?"

"ती कुणालाच विचारत नाही." मग थोरला म्हणाला, "कधी कधी मलाच तुझ्या नावाने हाक मारते." आणि हातोडा पुन्हा सुरू झाला.

धाकट्याने मान वर केली. फलाटावरून पलीकडचं आवार दिसत होतं. तिथे रिकाम्या पिंपांच्या रांगा होत्या आणि एक माणूस पाइपने पाणी मारून ती धूत होता. धाकटा नुसता तिकडे बघत राहिला. भानावर आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, हातोड्याचा आवाज बंद झालाय.

"आहेस का?"

ओ आली नाही.

"अरे, आहेस का?"

ब्लोअर घोंघावत होता. धाकट्याने आत वाकून बघितलं. दिव्याच्या उजेडात थोरला भिंतीला पाठ लावून बसला होता, मान छातीवर, छिन्नी मांडीवर.

"दादा!" धाकटा ओरडला. "ए दादा!"

त्याने शिट्टी फुंकली. आत उडी घ्यायची नाही, हा नियम त्याला पाठ होता. एकामागून एक आत उतरून तिघे-चौघे गेल्याच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. तरी त्याचा एक पाय मॅनहोलमध्ये गेलाच. खालून धावत आलेल्या माणसाने त्याला कॉलरला धरून मागे खेचलं. मग दोघांनी मिळून दोरीला हिसका दिला.

"अरे ओढताय काय!" आतून आवाज आला. "पडेन ना मी!"

तोवर फलाट माणसांनी भरला होता. थोरला शिडीने वर आला, मास्क काढला आणि सगळ्यांकडे बघत राहिला. केमिस्ट मॅडमने घाईघाईने हवा पुन्हा तपासली. हवा चांगली होती.

"काका, चक्कर आली का? डोकं दुखतंय? हात दाखवा."

"नाही गं. झोप लागली."

"झोप?"

"गार वारा येत होता. उजेड मंद होता. कुणी उठवणारं नव्हतं." थोरला ओशाळून म्हणाला, "लागली."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. "रिॲक्टरमध्ये वामकुक्षी घेणारा पहिलाच माणूस," सुरक्षा अधिकारी म्हणाला, "पुढच्या वेळी उशी पाठवू." थोरलाही हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्याने तो बाहीत लपवला. हसणारे एकेक करून खाली निघून गेले.

धाकटा हसला नव्हता. दोरी अजून त्याच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

पुढे ते काम दुसऱ्या जोडीला दिलं. दोघं भाऊ हातपाय धुवायच्या खोलीत बाकावर बसले. थोरल्याच्या केसांत रेझिनचा भुगा होता.

"बॅचच्या वेळी पण असंच झालं का?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही. सांगतो आता."

"रात्री झोपत का नाहीस?"

थोरल्याने सांगितलं. चप्पल, कडी, "तुम्ही कोण?", सगळं सांगितलं. सावकाश, दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं तसं. धाकटा ऐकत राहिला.

"आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस? मी काय परगावी होतो?"

"कोणत्या तोंडाने कळवू? बोलून बसलो होतो ना मी. चार लोकांत बोललो होतो."

"बोलला होतास खरा."

"तुला राग होता."

"मला होता. माझ्या बायकोला तर अजून आहे." धाकट्याने नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. "मी पण यायला पाहिजे होतं. तू बोलावलं नाहीस, ते माझ्या पथ्यावर पडलं. खोटं कशाला बोलू?"

त्या संध्याकाळी धाकटा थोरल्याबरोबर त्याच्या घरी गेला. दार वहिनीने उघडलं. तिच्या एका हातात ओला टॉवेल होता. तिने दिराकडे बघितलं आणि बाजूला झाली नाही.

"आज वाट चुकली का भाऊजी?"

"वहिनी, मला काही माहीत नव्हतं."

"आई म्हातारी होते हे माहीत नव्हतं?" तिचा आवाज अगदी खालचा होता. "माझ्या माहेरी लग्न झालं, मी गेले नाही. माझे दात दुखतायत किती दिवस, मला डॉक्टरकडे जाता आलं नाही. यांनी रागाच्या भरात आईंना आणलं, तुम्ही रागाच्या भरात इथेच राहू दिलं. राग तुमचा दोघांचा, आणि धुणं माझ्या वाट्याला."

आतून आईने विचारलं, "कोण आलंय?"

"बघा, कोण आलंय ते," वहिनी म्हणाली आणि एकदाची बाजूला झाली.

आई पलंगावर बसली होती. धाकटा तिच्यासमोर खाली बसला. तिने त्याचा चेहरा निरखून बघितला. मग विचारलं, "नळ दुरुस्त करायला आलात का?"

"हो," धाकटा म्हणाला.

"बरं झालं. फार गळतो." तिने त्याच्या हाताला लागलेलं वंगण बघितलं आणि पदराने पुसायला लागली.

धाकट्याने आईला काही दिवस आपल्याकडे आणायचं काढलं, तेव्हा त्याच्या बायकोने एक अट घातली. तिने नवऱ्याला सरळ सांगितलं, "मी नाही म्हणत नाही. पण मोठे भाऊजी चार लोकांत बोलले होते. त्यांनी इथे येऊन सांगावं. तुमच्याकरवी निरोप नको."

थोरला गेला. तिने दार उघडलं, तो उंबऱ्यातच उभा राहिला. वाटेत काय बोलायचं ते ठरवून आला होता, पण ते सगळं डोक्यातून गेलं.

"मी त्या दिवशी वाईट बोललो," तो म्हणाला. "तुझ्याकडून झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं. माझ्याकडे आल्यावर आई दोनदा बाहेर पडली. एकदा मी घरात होतो, जागा होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही."

शेजारच्या घराचं दार उघडंच होतं. तिने त्या दाराकडे एकदा बघितलं.

"आत या," ती म्हणाली. पाणी दिलं. चेहरा सैल केला नाही, पण आईंना कोणत्या गोळ्या चालू आहेत, काय खाल्लं की त्रास होतो, रात्री दिवा लागतो का, हे एकेक करून विचारलं.

आई महिन्यातले पंधरा दिवस धाकट्याकडे राहायला लागली. रिॲक्टरचं काम थोरल्याकडून काढून घेतलं. त्याने साहेबांना खरं काय ते सांगितलं होतं आणि साहेबांनी ते ऐकून घेतलं होतं, पण पुन्हा त्या फलाटावर त्याला बसवायची त्यांची हिंमत नव्हती. थोरल्याला डबे भरायच्या विभागात टाकलं. तिथे तयार रंग नळातून यायचा, डबा भरला की झाकण दाबायचं. लोकांना वाटलं, त्याला हे लागणार. त्याला लागलंही. फलाटावरून जाताना घरघर ऐकू आली की पाय थबकायचे. पण झाकण दाबताना कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि सध्या त्याला तेवढंच झेपत होतं.

आई पहिल्या पंधरवड्याला धाकट्याकडे गेली, तेव्हा थोरल्याची बायको संध्याकाळी आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आलं तेव्हा उठली. थोरल्याला मात्र झोप येईना. घर इतकं शांत होतं की तो उठून दाराची कडी बघून यायचा.

सुटीच्या दिवशी तो धाकट्याकडे गेला. धाकट्याने दार उघडलं. डोळे तांबारले होते, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"कसं काय?" थोरल्याने विचारलं.

"दादा, तुम्ही दोघांनी हे काढलं कसं रे इतके दिवस?"

थोरला चप्पल काढून आत गेला. स्वयंपाकघरात धाकट्याची बायको टेबलावर डोकं टेकून झोपली होती. तिच्यासमोर अर्धवट सोललेल्या मटारच्या शेंगा होत्या. आई दुसऱ्या खुर्चीवर बसून एकेक शेंग उचलायची, बघायची आणि परत ठेवायची.

"जा, झोप तू," थोरला धाकट्याला म्हणाला. "मी बसतो हिच्यापाशी."

"तूच दमलायस."

"जा म्हटलं ना."

धाकटा आतल्या खोलीत गेला. पलंग करकरला, मग काहीच ऐकू आलं नाही. थोरल्याने आवाज न करता खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसला.

"तुम्ही कोण?" आईने विचारलं.

"हळू बोल," तो म्हणाला, "सगळे झोपलेत." आणि त्याने शेंगांचा ढीग आपल्याकडे ओढला.